विमानात इमर्जन्सी आली तर प्रवाशाने काय करायचं, कोणत्या क्रमाने

विमान उंचावर असताना केबिनमधला हवेचा दाब गेला, डोक्यावरून ऑक्सिजनचे मास्क खाली आले आणि विमान ठरलेलं ठिकाण सोडून भलत्याच विमानतळावर उतरलं, अशा एका प्रवासात मी होते. कुणाला मोठी इजा झाली नाही. पण त्या वेळात आजूबाजूला जो गोंधळ उडाला, त्यातला बराचसा निव्वळ माहिती नसल्यामुळे होता. मास्क आला पण हवा येत नाही म्हणून कुणी ओरडत होतं, कुणी वरचा कप्पा उघडायला उठत होतं, आणि पायलट काहीच बोलत नाही म्हणजे आता सगळं संपलं असं अनेकांनी धरून चाललं होतं. नंतर मी क्रूच्या लोकांशी बोलले, काही अपघातांच्या चौकशांमधून काय बाहेर आलं ते वाचलं. पहिल्यांदा विमानात बसणाऱ्यांसाठी, आणि शंभरदा बसूनही सूचनांच्या वेळी मोबाइलमध्ये डोकं घालणाऱ्यांसाठी, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. इमर्जन्सी म्हणजे अपघात नव्हे. एक इंजिन बंद पडलं, कुणाला हार्ट अटॅक आला, धुराचा वास आला, चाकं नीट उघडली आहेत की नाही याची खात्री होईना, तर पायलट इमर्जन्सी जाहीर करतात. तसं केलं की आकाशात आणि धावपट्टीवर त्यांना रस्ता मोकळा मिळतो. सर्वांत गंभीर हाक 'मेडे', तिच्याखालची 'पॅन-पॅन'. दोन इंजिनांचं प्रवासी विमान एका इंजिनावर उडू शकतं आणि सुखरूप उतरू शकतं; हे सिद्ध केल्याशिवाय त्या विमानाला मान्यताच मिळत नाही. उतरताना धावपट्टीच्या कडेला अग्निशमन दलाच्या गाड्या दिसल्या तर त्या खबरदारी म्हणून उभ्या असतात.

१. निघण्यापूर्वी: बॅग आत राहील असं धरून तयारी

विमान सोडून बाहेर पडायची वेळ आली तर हातातली बॅगसुद्धा आतच राहते. म्हणून ज्याच्यावाचून पुढचे एक-दोन दिवस अडेल ते अंगावर ठेवा:

- पासपोर्ट किंवा ओळखपत्र, चेन असलेल्या खिशात किंवा कमरेच्या पाउचमध्ये
- मोबाइल आणि एक बँक कार्ड
- चुकवून चालत नाही अशी औषधं. दमा असेल तर इनहेलर
- चष्म्यावाचून दिसत नसेल तर चष्मा दोरीने गळ्यात
- जवळच्या दोन माणसांचे फोन नंबर, कागदावर लिहिलेले
- पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि प्रवास विम्याचे फोटो स्वतःच्या ई-मेलवर

पायात बंद बूट घाला आणि विमान वर चढताना व उतरताना ते काढून बसू नका. नायलॉन-पॉलिएस्टरचे कपडे आगीच्या झळीने वितळून कातडीला चिकटतात. त्यापेक्षा सुती किंवा लोकरीचे बरे.

पॉवर बँक चेक-इनच्या सामानात टाकायची नसते हे बहुतेकांना ठाऊक असतं. माझं म्हणणं, ती वरच्या कप्प्यातही ठेवू नका, जवळच ठेवा. लिथियमची बॅटरी तापून पेटली तर ती डोळ्यांसमोर पेटलेली बरी, कारण क्रूकडे त्यासाठी साधनं असतात आणि प्रशिक्षणही. आणि मोबाइल सीटच्या फटीत पडला तर सीट मागेपुढे करून शोधू नका. चेपलेली बॅटरी पेट घेते. क्रूला बोलवा, ते काढून देतात.

२. सीटवर बसल्यावरची दोन मिनिटं

पुढचं आणि मागचं, दोन्हीकडचं सर्वांत जवळचं इमर्जन्सी दार किती रांगा लांब आहे ते मोजा. नुसतं बघू नका, मोजा. केबिनमध्ये धूर भरला की स्वतःचा हातही दिसत नाही. तेव्हा सीटच्या पाठींना हात लावत आकडा मोजतच जावं लागतं. ज्या दाराने आत आलात त्याच दाराकडे पाय वळतात, हा माणसाचा स्वभाव आहे. जवळचं दार तुमच्या पाठीमागे असू शकतं.

धुराचं महत्त्व पटत नसेल तर मँचेस्टरचा अपघात आठवावा. २२ ऑगस्ट १९८५ रोजी तिथे एका विमानाला उड्डाणासाठी धावतानाच आग लागली. विमान थांबलं, जमिनीवरच होतं, तरी ५५ जण गेले, आणि त्यातले बहुतेक भाजून नव्हे तर विषारी धुराने.

मग बेल्टचं बक्कल दोन-तीनदा लावून सोडवून पाहा. विमानातल्या बेल्टची पट्टी वर उचलायची असते, मोटारीत बटण दाबायचं असतं. घाबरल्यावर हात सवयीने बटण शोधत राहतात. लाइफ जॅकेट सीटखाली आहे की हाताशेजारी, तेही हाताने चाचपून घ्या. समोरच्या खिशातलं सूचनांचं कार्ड दर वेळी वाचा, कारण दारं उघडायची पद्धत प्रत्येक विमानात वेगळी असते.

उड्डाणानंतरची पहिली तीन मिनिटं आणि उतरण्याआधीची शेवटची आठ मिनिटं सर्वांत नाजूक मानतात. तेवढा वेळ हेडफोन काढा, झोपू नका, पायातली बॅग सीटखाली सरकवा. खिडकीची झडप उघडी ठेवायला सांगतात ती याचसाठी: बाहेर आग आहे का, ते आतून दिसलं पाहिजे.

३. बेल्ट काढूच नका

बेल्टच्या खुणेचा दिवा बंद झाला तरी बसल्या जागी बेल्ट सैलसर बांधलेला ठेवा. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला निघालेल्या सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानाला जबरदस्त गचके बसले. बेल्ट न लावलेली माणसं छतावर आदळली, कित्येकांच्या मणक्यांना आणि डोक्याला मार बसला, एक प्रवासी दगावला आणि विमान बँकॉकला उतरवावं लागलं. सगळं काही सेकंदांत घडलं. इतक्या वेळात बेल्ट बांधून होत नाही.

४. मास्क खाली आले तर

हे मी स्वतः पाहिलं आहे, म्हणून जरा सविस्तर.

एरवी केबिनमधली हवा साधारण ८,००० फुटांच्या डोंगरावर असावी इतपत दाबाची ठेवलेली असते. दाब घसरून ती साधारण १४,००० फुटांइतकी विरळ झाली की मास्क आपोआप सुटतात. विमान ३५,००० फुटांवर असताना दाब एकदम गेला तर शुद्धीत राहून काही करण्यासाठी माणसाला अर्धा ते एक मिनिट मिळतो. दुर्दैवाने या काळात आपलं काही बिघडतंय असं वाटतच नाही. उलट डोकं हलकं होतं, सगळं ठीक वाटतं. म्हणूनच 'आधी स्वतःचा, मग मुलाचा' हा नियम. आई आधी बेशुद्ध पडली तर मुलाला मास्क कोण लावणार? मूल अर्धा मिनिट थांबलं तरी तुम्ही त्याला सावरू शकता.

क्रम असा:

मास्क आपल्याकडे जोरात ओढा. ओढल्याशिवाय ऑक्सिजन सुरू होत नाही. मास्क नुसता हातात धरून वाट पाहणारे बरेच असतात.

नाक आणि तोंड दोन्ही झाका. माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांनी पिवळी वाटी फक्त तोंडावर धरली होती, पेल्यासारखी, आणि नाक उघडं. एअर होस्टेस दोन रांगा पुढून स्वतःच्या नाकावर बोट आपटत त्यांना खुणावत होती. मी हात पुढे करून त्यांचा मास्क वर सरकवला आणि रबरी पट्टा डोक्यामागे घातला.

मग नेहमीसारखा श्वास घ्या. मास्कला लोंबणारी प्लास्टिकची पिशवी फुगेलच असं नाही. ती चपटी राहिली तरी ऑक्सिजन येत असतो. आमच्या विमानात सर्वांत जास्त घबराट या पिशवीनेच केली.

जळका वास येईल. बहुतेक विमानांत वरच्या खणात ऑक्सिजन रासायनिक क्रियेने तयार होतो, त्यात तो खण तापतो आणि धूळ करपते. तुमच्या डोक्यावरचा खण तापला म्हणजे विमान पेटलं असं नाही. तरीही प्रत्यक्ष धूर किंवा ज्वाळा दिसल्या तर लगेच सांगा.

यानंतर विमान नाक खाली करून झपाट्याने उतरू लागतं. पोट खालीवर होतं, कान दुखतात, आवाज वाढतो. आपण पडतो आहोत असंच वाटतं. प्रत्यक्षात पायलट मुद्दाम १०,००० फुटांच्या आसपास विमान आणत असतात, कारण तिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. मास्कमधला ऑक्सिजन साधारण बारा मिनिटं किंवा त्याहून थोडा जास्त पुरतो आणि विमान त्याआधीच खाली पोहोचतं. कान मोकळे करायला आवंढा गिळत राहा. तान्हं बाळ रडत असेल तर रडू द्या, रडल्याने त्याचे कान सुटतात. क्रूने सांगेपर्यंत मास्क काढू नका.

आणि शांततेला घाबरू नका. पायलटचं पहिलं काम विमान सांभाळणं, दुसरं ते कुठे न्यायचं ते ठरवणं, आणि बोलणं त्यानंतर. आमच्या विमानात घोषणा झाली तेव्हा विमान खाली येऊन सरळ झालेलं होतं. मधल्या वेळात पुढे काम चालू होतं.

५. काही दिसलं तर बोला

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

८ जानेवारी १९८९ रोजी लंडनहून बेलफास्टला निघालेल्या बोइंग ७३७ विमानाच्या डाव्या इंजिनाचं एक पातं तुटलं. केबिनमध्ये धूर आला, विमान थरथरू लागलं. पायलटांचा समज झाला की उजवं इंजिन बिघडलं आहे. त्यांनी ते बंद केलं, आणि योगायोगाने थरथर व धूर कमी झाला, त्यामुळे त्यांची खात्रीच पटली. कॅप्टनने घोषणा केली की उजव्या इंजिनात बिघाड होता, ते बंद केलं आहे. मागे बसलेल्या अनेक प्रवाशांनी डाव्या इंजिनातून आगीचे लोळ निघताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. केबिन क्रूमधल्या तिघांनीही पाहिले होते. घोषणा ऐकून ते बुचकळ्यात पडले, पण पुढे जाऊन कुणीच सांगितलं नाही. उतरताना डावं इंजिनही गेलं आणि विमान केगवर्थ गावाजवळ महामार्गाच्या कडेला कोसळलं. १२६ पैकी ४७ जण मेले.

कॉकपिटमधून पंख आणि इंजिनं सहजी दिसत नाहीत. खिडकीतून तुम्हाला दिसतात. म्हणून इंजिनातून ज्वाळा, पंखातून गळणारं इंधन, उड्डाणापूर्वी पंखावर साचलेला बर्फ, भिंतीतून किंवा पायाखालून येणारा धूर, असं काहीही दिसलं तर कॉल बटण दाबा. कुणी आलं नाही तर हाक मारा. 'त्यांना माहीत असेलच' असं म्हणू नका. वाक्य छोटं आणि नेमकं असू द्या: कुठल्या बाजूला, कुठल्या रांगेजवळ, काय दिसलं. डावी-उजवी बाजू विमानाच्या नाकाकडे तोंड करून सांगा. शंका फोल निघाली तर कुणाचं काही बिघडत नाही.

छातीत दुखणं, श्वास लागणं, घेरी येणं, हेही याच सदरात येतं. संकोच करून स्वच्छतागृहात जाऊन दार लावून घेऊ नका. जागेवर बसून क्रूला सांगा.

६. 'ब्रेस' म्हटल्यावर

धडकेची शक्यता असेल तर क्रू आधी सांगतो आणि शेवटच्या क्षणी 'ब्रेस, ब्रेस' (धक्क्यासाठी अंग सावरून धरा) असं ओरडतो. बेल्ट पोटावर नव्हे, कमरेच्या हाडावर घट्ट. गरोदर असाल तर पोटाच्या खालून. पाय जमिनीवर सपाट आणि गुडघ्यांच्या थोडे मागे, म्हणजे पुढच्या सीटखाली आपटून मोडणार नाहीत. पुढे वाकून डोकं पुढच्या सीटच्या पाठीला टेकवा. हात डोक्यावर एकावर एक, बोटं एकमेकांत न गुंतवता. पुढची सीट लांब असेल तर खाली वाकून पोटऱ्या धरा. विमान पूर्ण थांबेपर्यंत तसेच राहा; पहिल्या धक्क्यानंतर दुसरा येऊ शकतो.

उतरण्याआधी विमान घिरट्या घालत राहिलं तर वैतागू नका. लांब पल्ल्याच्या अनेक मोठ्या विमानांना हवेत इंधन सोडता येतं. बोइंग ७३७ किंवा एअरबस ए ३२० सारख्यांना येत नाही, त्यांना वजन कमी करायला ते जाळावंच लागतं.

७. थांबल्यावर: उठायचं की बसायचं

विमान थांबलं की लगेच दाराकडे पळायचं, हा मोठा गैरसमज. ४ नोव्हेंबर २०१० रोजी क्वांटासच्या ए ३८० विमानाचं एक इंजिन हवेत फुटलं. ४६९ जणांना घेऊन ते सिंगापूरला परत उतरलं, पण इंधन गळत होतं, ब्रेक तापले होते आणि दुसरं एक इंजिन काही केल्या बंद होईना. अशा वेळी दाराशी फुगणाऱ्या आपत्कालीन घसरगुंड्यांवरून लोकांना खाली सोडणं जास्त धोक्याचं ठरलं असतं. प्रवाशांना आत थांबवून ठेवलं आणि मग एकाच दाराने, शिडीवरून उतरवलं. कुणालाही इजा झाली नाही. बाहेर काय परिस्थिती आहे हे क्रूला कळतं, म्हणून त्यांच्या आदेशाची वाट बघा.

आदेश मिळाला की मात्र एक क्षणही दवडू नका. निम्मी दारं बंद असतानाही सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे मोठ्या प्रवासी विमानांना मान्यतेसाठी दाखवून द्यावं लागतं. त्या हिशोबात बॅगा घेऊन बाहेर पडणं धरलेलं नाही. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना तटरक्षक दलाच्या विमानाला धडकलं. तटरक्षक दलाचे पाच जण गेले. मोठ्या विमानात ३७९ जण होते, घोषणांची यंत्रणा बंद पडली होती, आठपैकी तीनच दारं वापरता आली, आणि पुढे ते विमान जळून खाक झालं. तरी सगळे ३७९ बाहेर आले. क्रूने आधी कुठली दारं सुरक्षित आहेत ते पाहिलं, आणि प्रवाशांनी बॅगा आत सोडल्या.

बॅग घेऊ नका. लॅपटॉप नाही, पर्स नाही. तुमच्या बॅगेने घसरगुंडी फाटली तर मागचे सगळे अडकतात. उंच टाचा काढा. धूर असेल तर वाकून चाला, तोंडावर कापड धरा, पायाखालच्या दिव्यांच्या रांगेवर नजर ठेवा. दाराशी बसू नका, थेट उडी मारा, हात छातीवर आडवे. मूल कडेवर घट्ट. पंखावरच्या दाराजवळ बसला असाल तर उघडण्याआधी खिडकीतून पाहा. बाहेर आग असेल तर ते दार उघडायचं नाही.

८. पाण्यावर उतरावं लागलं तर

लाइफ जॅकेट आत घालायचं, पण फुगवायचं दारातून बाहेर पडताना. २३ नोव्हेंबर १९९६ रोजी अपहरण झालेलं इथिओपियन एअरलाइन्सचं विमान इंधन संपून कोमोरोस बेटांजवळ समुद्रात पडलं. अनेकांनी जॅकेट आतच फुगवली होती. केबिनमध्ये पाणी भरलं तसे ते वर तरंगले आणि त्यांना दारापर्यंत जाता आलं नाही. १७५ पैकी १२५ जण मेले. न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर १५ जानेवारी २००९ रोजी उतरलेल्या विमानातले १५५ च्या १५५ वाचले, पण तिथेही लाइफ जॅकेट नीट घातलेले प्रवासी फार थोडे होते.

९. बाहेर आल्यावर

विमानापासून वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला लांब जा. सिगारेट पेटवू नका. अग्निशमनाच्या गाड्यांच्या वाटेत उभं राहू नका. क्रू डोकी मोजत असतो, म्हणून घोळक्यातच थांबा. परस्पर निघून गेलात तर आत शोध घेणाऱ्यांचा जीव विनाकारण धोक्यात जातो.

काही झालेलं वाटत नसलं तरी वैद्यकीय तपासणी करून घ्या आणि तिचा कागद मागा. कान, पाठ आणि मान दुसऱ्या दिवशी बोलू लागतात.

१०. कागदपत्रं आणि भरपाई

विमान भलत्या देशात उतरलं आणि तिथला व्हिसा नसेल तर विमानतळाबाहेर पडायची घाई करू नका. कंपनीचे लोक आणि तिथले अधिकारी सांगतील तोवर एकत्र राहा. पासपोर्ट आत राहिला असेल तर लगेच नोंद करा आणि आपल्या दूतावासाला कळवा.

त्याच दिवशी हे गोळा करा:

- बोर्डिंग पास आणि बॅगेच्या चिकटपट्टीचा फोटो
- विमान दुसरीकडे वळवलं याचं कंपनीकडून लेखी पत्र
- जेवण, हॉटेल, टॅक्सी, नवं तिकीट यांच्या पावत्या
- आजूबाजूच्या एक-दोन प्रवाशांचे नंबर, त्यांच्या संमतीने
- काय घडलं ते वेळेनुसार स्वतःच्या शब्दांत, झोपण्यापूर्वी लिहून काढलेलं

काढलेले फोटो आणि व्हिडिओ मूळ स्वरूपात जपा. चौकशी अधिकारी मागू शकतात. आंतरराष्ट्रीय प्रवासाला बहुतेक ठिकाणी १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागू होतो. त्यातल्या भरपाईच्या मर्यादा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एसडीआर या एककात मोजतात. २८ डिसेंबर २०२४ पासून त्या अशा: सामानासाठी प्रवाशामागे १,५१९, उशिरासाठी ६,३०३, आणि शारीरिक इजा झाली तर १,५१,८८० एसडीआरपर्यंत कंपनीला आपली चूक नव्हती असं म्हणून हात झटकता येत नाहीत. त्यापुढच्या रकमेसाठी वाद घालावा लागू शकतो.

सापळा इथे आहे: कंपनी लगेच काही रक्कम किंवा व्हाउचर देऊ करते आणि एका कागदावर सही मागते. तो पूर्ण वाचा. 'यापुढे कोणताही दावा करणार नाही' अशी ओळ असेल तर सही करू नका, वेळ मागून घ्या. मुदतीही पाळा. सामान खराब झालं असेल तर मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशिरा मिळालं असेल तर २१ दिवसांत लेखी तक्रार करायची असते. कोर्टात जायला २ वर्षं मिळतात.

झोप न लागणं, आवाजाला दचकणं, तोच प्रसंग डोळ्यांसमोर येत राहणं, हे पहिले काही दिवस बहुतेकांना होतं. महिना उलटूनही कमी झालं नाही तर मानसोपचार तज्ज्ञाकडे जा, आणि तिथले कागद व बिलंही बाकीच्या कागदांबरोबर एकाच फाइलमध्ये लावून ठेवा.